मार लागून निखळलेला कायमचा दात कसा वाचवावा

चेंडू तोंडावर आदळला, दुचाकी घसरली किंवा शाळेच्या जिन्यावरून मूल पालथे पडले, की बहुधा वरचे मधले दोन दात माऱ्यात सापडतात. दात मुळासकट बाहेर आला तर तो गेलाच असे समजून टाकून दिला जातो, नाहीतर कागदात गुंडाळून खिशात ठेवला जातो, आणि दुसरा प्रकारही पहिल्याइतकाच घातक आहे. निखळलेला कायमचा दात पुन्हा त्याच्या जागी बसवता येतो. मात्र तो किती वर्षे टिकेल हे डॉक्टरांच्या कौशल्यापेक्षाही, पहिल्या काही मिनिटांत शेजारी असलेल्या माणसाने काय केले, यावर अधिक अवलंबून असते.

याचे कारण दाताच्या मुळावर आहे. दात हाडात थेट रुतलेला नसतो, तर सूक्ष्म तंतूंच्या पातळ आवरणाने हाडाशी बांधलेला असतो. दात निखळतो तेव्हा या आवरणाचा काही भाग मुळाला चिकटून बाहेर येतो आणि त्यातील पेशी जिवंत असेपर्यंतच दात पुन्हा नीट धरण्याची आशा असते. कोरड्या हवेत सुमारे ३० मिनिटांत त्यांतल्या बहुतेक पेशी मरतात.

सर्वप्रथम जखमी व्यक्ती शुद्धीवर आहे का, उलटी किंवा चक्कर येते आहे का, जबडा नीट मिटतो आहे का, हे पाहावे. यांपैकी काही बिघडले असेल, किंवा दाताचा तुकडा सापडत नसून खोकला अथवा धाप लागली असेल, तर दाताचा विचार बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे.

त्यानंतर दात दुधाचा आहे की कायमचा, हे ठरवावे. दुधाचा दात परत बसवू नये, कारण त्याच्या मुळापाशी वाढत असलेल्या कायमच्या दाताच्या कोंबाला त्यामुळे इजा होऊ शकते. साधारण सहा वर्षांपर्यंत समोरचे दात दुधाचेच असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाचा वरचा मधला दात आकाराने मोठा आणि कडेला किंचित दातेरी असेल, तर तो बहुधा कायमचा असतो. शंका वाटल्यास तो स्वतः न बसवता दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा.

कायमचा दात उचलताना केवळ पांढरा भाग धरावा. मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दूध, सलाईन किंवा जखमी व्यक्तीची स्वतःची लाळ यांनी तो हलकेच धुवावा. रुमालाने पुसणे, ब्रशने घासणे किंवा साबण आणि जंतुनाशक लावणे म्हणजे ज्या पेशी वाचवायच्या, त्याच खरवडून काढणे होय. धुतलेला दात शेजारच्या दाताकडे पाहून योग्य दिशेने धरावा, हळुवार दाबून खोबणीत बसवावा आणि घडी घातलेला स्वच्छ रुमाल दातांखाली चावून धरण्यास सांगावे. हे करताना हात कचरतो, पण याहून चांगला प्रथमोपचार नाही.

ते जमलेच नाही तर दात लगेच थंड दुधात बुडवावा. टपरीवर मिळणारे पिशवीतले दूध चालते. दूध मिळेपर्यंत पेल्यात थुंकून जमवलेली लाळ किंवा सलाईन वापरावे. साधे पाणी या पेशींना मानवत नाही. पण दुसरे काहीच हाताशी नसेल, तर दात कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरे. लहान मुलाला दात गालात धरून ठेवायला सांगू नये, तो गिळला जाण्याचा धोका असतो.

आता कोणाकडे जावे? अशा वेळी जो दंतवैद्य सर्वांत जवळ असेल त्याच्याकडे जावे आणि निघण्यापूर्वी फोन करावा. दात जाग्यावर बसल्यानंतर पुढचे उपचार रूट कॅनालच्या (दाताच्या आतली नलिका साफ करून भरण्याच्या उपचाराच्या) तज्ज्ञाकडे, म्हणजे बी.डी.एस.नंतर या विषयात एम.डी.एस. केलेल्या डॉक्टरांकडे, सोपवणे चांगले. खासगी खर्च झेपणारा नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय किंवा गोव्यातील बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे विचारावे.

दवाखान्यात एक्स-रे काढून दात शेजारच्या दातांना बारीक, लवचिक तारेने बांधला जातो. नुसत्या निखळलेल्या दाताला ही तार साधारण दोन आठवडे ठेवतात. हाडही मोडले असल्यास अधिक काळ. घट्ट बांधले म्हणजे लवकर धरेल असे अनेकांना वाटते, पण दाताला किंचित हालचाल मिळणेच आवश्यक असते. प्रतिजैविके आणि धनुर्वाताची लस यांचा निर्णय डॉक्टर घेतात. या काळात मऊ भात, खिचडी असे अन्न घ्यावे, मऊ ब्रशने दात घासावेत, सांगितल्याप्रमाणे क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रवाने चूळ भरावी आणि खेळ बंद ठेवावा.

रूट कॅनाल केव्हा करावे, याबाबत घाई आणि दिरंगाई दोन्ही महागात पडतात. मुळाचे टोक पूर्ण बंद झालेल्या दाताची नस निखळताना तुटलेली असते आणि ती पुन्हा जगत नाही. म्हणून दंत-आघाताच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दात बसवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करावे. दुखत नाही म्हणून ते टाळले तर आतील जंतूंमुळे मूळ बाहेरून झिजू लागते, आणि ही झीज काही महिन्यांतच दात संपवू शकते. याउलट सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दाताचे मूळ अजून उघडे असते. तिथे नवा रक्तपुरवठा सुरू होऊन मुळाची वाढ पुढे चालू राहण्याची शक्यता असल्याने, जंतुसंसर्गाची खूण दिसेपर्यंत वारंवार तपासण्या करत थांबणे हाच योग्य उपचार होय. मार लागलेला दात थंड स्पर्शाच्या चाचणीला काही आठवडे, कधी तीन महिनेही, दाद देत नाही; तेवढ्यावरून नस मेली असे ठरवणाऱ्या डॉक्टरांना आणखी एखाद्या पुराव्याविषयी अवश्य विचारावे.

प्रत्यक्ष रूट कॅनाल भूल देऊन करतात. दाताभोवती रबर डॅम नावाचा पातळ रबरी पडदा लावला आहे का, हे रुग्णाने पाहावे, कारण लाळेतले जंतू आत जाऊ नयेत आणि बारीक उपकरणे घशात पडू नयेत यासाठी तो लागतो. मग मागून छिद्र करून नलिकेची लांबी मोजतात, ती साफ करून सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाने धुतात, आत बरेचदा कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध काही आठवडे ठेवतात आणि अखेरीस गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून छिद्र पक्के बंद करतात. पुढील दोन-तीन दिवस चावताना थोडे दुखणे स्वाभाविक आहे. सूज किंवा ताप आल्यास मात्र लगेच दाखवावे.

त्यानंतरच्या तपासण्या लोक सर्वाधिक चुकवतात. पहिल्या वर्षी ठरलेल्या अंतराने आणि पुढे किमान पाच वर्षे दरवर्षी एक्स-रे काढून घ्यावा. उशिरा बसवलेला दात कधी कधी हाडाशी जखडतो आणि वाढत्या वयात शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो. तरीही तो बसवणे वाया जात नाही: जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवता येत नाही आणि तोवर हा दात तिथले हाड राखून ठेवतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचे सर्व एक्स-रे, तार काढल्याची तारीख आणि आत भरलेल्या औषधाची नोंद एका फाइलमध्ये ठेवावी आणि गाव किंवा डॉक्टर बदलल्यास ती फाइल नव्या डॉक्टरांना दाखवावी.