इतिहास तीनदा, गणित एकदाही नाही

2019 च्या मार्चमध्ये एमपीएससीची संयुक्त पूर्वपरीक्षा देऊन बाहेर पडलो तेव्हा इतिहासाचे बहुतेक प्रश्न बरोबर आल्याची खात्री होती. प्रार्थना समाज 1867, सत्यशोधक समाज 1873, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. गणित आणि बुद्धिमत्तेच्या पंधराएक प्रश्नांपैकी मात्र चार सोडवले आणि बाकीच्यांवर तुक्के मारले. चार चुकीच्या उत्तरांमागे एका बरोबर उत्तराचे गुण जातात, त्यामुळे तुक्क्यांनी होतं तेही खाल्लं. कट-ऑफ थोडक्यात हुकला.

मी लातूरकडचा, बीए झालेला. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो आणि सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसायचो. रात्री दहाला उठायचो. मला कुणी आळशी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. घरून वडिलांचा फोन यायचा, "अभ्यास करायलास ना रे?" मी हो म्हणायचो आणि ते खोटं नसायचं. निकालानंतर रूमवर पुस्तकं आवरायला घेतली तेव्हा खरा प्रकार कळला. इतिहासाचं पुस्तक तीन वाचनांत चार रंगांच्या हायलायटरनी होळी खेळल्यासारखं झालेलं. गणिताच्या पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. उघडताना नव्या पुस्तकाचा वास आला.

नव्याने तयारीला लागणाऱ्यांना मी हे आधी सांगतो, कारण आपल्याकडे चालढकल म्हटलं की लोळत मोबाइल बघणारा पोरगा डोळ्यांसमोर येतो. तोही असतो. पण अभ्यासिकेतली चालढकल अभ्यासाचेच कपडे घालून येते. नवीन वेळापत्रक आखणं, एकाच विषयाची तीन पुस्तकं जमवणं, टेलिग्रामवरच्या पीडीएफ उतरवून फोल्डर लावणं, टॉपर लोकांचे 'स्ट्रॅटेजी'चे व्हिडिओ पाहणं. हे सगळं केल्यावर दमायला होतं, त्यामुळे दिवसभर काही केलं नाही असं वाटतच नाही. माझ्या वेळापत्रकात गणित रोज रात्री नऊ ते दहा होतं. ही वेळ मी का निवडली होती, ते आता कळतं. नऊला मेसवरून यायचो, दहाला अभ्यासिका सोडायचो आणि मधल्या तासात चालू घडामोडी 'नजरेखालून घालायचो'.

घोडं कुठे पेंड खात होतं? मला गणित येत नाही यापेक्षा, येत नाही हे कागदावर दिसेल याची भीती होती. शेकडेवारीचं उदाहरण अडलं की पोटात गोळा यायचा. नववीत फळ्यासमोर उभा होतो ते आठवायचं. इतिहास उघडला की लगेच बरं वाटायचं, कारण तिथे मी हुशार होतो. फ्युशा सिरवा आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये नेमकं हेच मांडलं. चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनात कमी आणि मन सांभाळण्यात जास्त असतं. काम समोर आलं की जी अस्वस्थता येते ती आत्ताच्या आत्ता घालवण्यासाठी आपण दुसरीकडे वळतो, आणि बिल उद्याच्या आपल्या नावावर फाडतो. हे मी फार उशिरा वाचलं. आधी वाचलं असतं तर निदान तिसरं वेळापत्रक आखण्यात रविवार घालवला नसता.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. बक्षीस जितकं लांब, तितका त्याचा जोर कमी. कॅलगरी विद्यापीठातले पिअर्स स्टील यांनी 2007 साली चालढकलीवरच्या बऱ्याच संशोधनाचा एकत्र आढावा घेतला, त्यात कामाबद्दलचा तिटकारा आणि फळाला लागणारा उशीर ही मोठी कारणं निघाली. स्पर्धा परीक्षेत दोन्ही हजर असतात. 2020 मध्ये कोरोनामुळे तारखा सरकत गेल्या आणि मी गावी परतलो. संयुक्त पूर्व झाली ती थेट 2021 च्या सप्टेंबरात. वर्षभर 'अजून वेळ आहे' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की आई वैतागून म्हणाली, "वेळ आहे तर गोठ्यात तरी ये."

त्याच वर्षात, गोठ्यातून परत आल्यावर म्हणा, गाडी रुळावर आली. कशी, ते सांगतो. यातलं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही.

पहिलं म्हणजे मी 'गणित करायचं' असं लिहिणं बंद केलं. रात्री झोपण्याआधी वहीच्या कोपऱ्यात लिहायचो: 'चहाचा कप खाली ठेवला की शेकडेवारीची पहिली तीन उदाहरणं.' तीनच. पुस्तक त्या पानावर उघडं करून, वर पेन ठेवून झोपायचो. सकाळी ठरवायला काही उरायचं नाही, आणि माझं सगळं टाळणं त्या ठरवण्याच्या वेळातच व्हायचं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली अशा 'अमुक झालं की तमुक करीन' पद्धतीच्या योजनांबद्दल लिहिलं आहे. नुसत्या निर्धारापेक्षा वेळ आणि जागा बांधलेला निर्धार पार पडण्याची शक्यता जास्त असते. आमच्या घरात हे शास्त्र आधीपासून होतं. वडील कधी 'आज शेताची कामं करू' म्हणत नाहीत, ते म्हणतात 'न्याहारी झाली की वरल्या वावरातली मोटर बघतो.'

तीन उदाहरणं झाल्यावर उठायची परवानगी होती. पहिल्या आठवड्यात मी खरंच उठलो. दुसऱ्या आठवड्यात तीनाची आठ कधी झाली कळलं नाही. गणित अचानक आवडायला लागलं नव्हतं. सुरुवातीच्या पाच मिनिटांत जो गोळा येतो तो नंतर विरतो, एवढंच लक्षात आलं.

टायमरबद्दल सगळे विचारतात. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने 1980 च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यावरून या टायमरच्या पद्धतीला पोमोडोरो हे नाव आलं. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. ज्या विषयाची भीती वाटते त्याला हे औषध चांगलं. पण सराव परीक्षेला मुळीच वापरू नका. संयुक्त पूर्वमध्ये 60 मिनिटांत 100 प्रश्न असतात, तिथे पंचविसाव्या मिनिटाला उठायची सवय लागली तर पंचाईत. मी आठवड्यातून दोनदा सलग तासाचा पेपर लावायचो, पाणी प्यायलाही न उठता.

मोबाइलचं म्हणाल तर ॲप लावून मोबाइल बंद ठेवणं मला कधी जमलं नाही, कारण ते ॲप काढून टाकायचं कसं हेही मोबाइलच सांगतो. परत पुण्यात आल्यावर मी फोन अभ्यासिकेच्या काउंटरवरच्या काकांकडे द्यायला लागलो. परत मागायला गेलं की काका चष्म्यावरून बघायचे. त्या बघण्याइतकं कडक ॲप अजून निघालेलं नाही.

आणि चहा. अभ्यासिकेतल्या मुलांना चहा सोडा असं मी सांगणार नाही, माणूस वेडा होईल. पण 'चहाला येतो का?' याचा खरा अर्थ असतो, 'जाहिरात कधी, जागा किती, कट-ऑफ कुठे लागेल यावर पाऊण तास बोलायचं का?' त्रास त्या पाऊण तासाचा नसतो, परत बसल्यावर डोक्यात जागांचे आकडेच फिरत राहतात याचा असतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्यावर गेलं तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. मी दोन गोष्टी केल्या. उठण्याआधी अर्धवट उदाहरणाखाली पुढची पायरी लिहून ठेवायची. आणि चहाला अशाच मित्राबरोबर जायचं जो क्रिकेटवर बोलतो. तोच पुढे माझा हिशेबनीसही झाला: रात्री मी त्याला फक्त आकडा सांगायचो, आज किती उदाहरणं. तास सांगायचे नाहीत. 'चौदा तास बसलो' म्हणणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे तासांवर माझा विश्वास नाही.

पहाटे चारला उठून पाहिलं, अकरा दिवस. दुपारी पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचो. ते सोडलं.

दिवस वाया जायचेच. बहिणीच्या लग्नात आठवडा गेला, डेंग्यूत दहा दिवस. पूर्वी असा खंड पडला की मी 'सोमवारपासून' म्हणायचो, आणि सोमवार बुधवारी उजाडला की पुढच्या महिन्याची एक तारीख धरायचो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. मला हे आधी पटलं नव्हतं. आपल्याकडे स्वतःला शिव्या घालणं म्हणजे गांभीर्य. पण शिव्या घालून झाल्या की त्या विषयाची धास्ती आणखी वाढते, आणि आपण त्याच्यापासून आणखी लांब पळतो. मग मी खंड पडला की त्याच दिवशी, संध्याकाळचे सात वाजले असले तरी, तीन उदाहरणं करायला लागलो.

सप्टेंबर 2021 च्या पेपरात गणित-बुद्धिमत्तेचे अकरा प्रश्न सोडवले. त्यातले नऊ बरोबर आले आणि मी मुख्य परीक्षेला पात्र ठरलो.

आता एमपीएससीच्याच राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं स्वतः लिहायची, झाली आहे: नऊ पेपर, गुणवत्तेसाठी धरले जाणारे लेखी गुण 1750. माझा मामेभाऊ तिची तयारी करतो. त्याच्याकडे नमुना उत्तरांचे ढीग आहेत आणि स्वतः लिहिलेलं एकही उत्तर नव्हतं. "दादा, आधी वाचून पक्कं करतो, मग लिहितो," म्हणाला. मला गणिताच्या पुस्तकाचा तो कोरा वास आठवला. त्याला म्हटलं, वाईट लिही, पण रोज एक लिही आणि रात्री दहाच्या आत मला फोटो पाठव. मी वाचणारसुद्धा नाही, फक्त आलाय का ते बघेन. परवा पहिला आला: अर्धं पान, तीन ओळी खोडलेल्या, निष्कर्ष नाहीच. काल दुसरा आला.

आज साडेदहा झालेत, फोटो आलेला नाही. अकराला फोन करतो.