बेडकाच्या उडीचं गणित चुकतंय? या चुका टाळा

जुलैत नागपुरात पावसाने जोर धरला की विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणारी पोट्टी बेडकांचे व्हिडिओ घेऊन माझ्याकडे येतात. विषय ठरलेला: स्नायूंची शक्ती आणि उडीची लांबी. मेहनत भरपूर घेतलेली असते, पण गणित बहुतेक वेळा एकाच जागी घसरतं. ती जागा म्हणजे वेळ.

आठवीतल्या एका मुलीची वही अजून डोळ्यांसमोर आहे. बेडूक 40 ग्रॅमचा धरलेला, उडी 1 मीटर, कोन 45 अंश. जमीन सोडतानाचा वेग सेकंदाला सुमारे 3.1 मीटर, ऊर्जा सुमारे 0.2 ज्यूल. इथवर सगळं बरोबर. शक्ती म्हणजे दर सेकंदाला दिलेली ऊर्जा, म्हणून मग तिने ऊर्जेला 0.45 सेकंदांनी भागलं आणि शक्ती अर्ध्या वॅटपेक्षाही कमी आली. पण 0.45 सेकंद हा बेडूक हवेत असतानाचा वेळ! तेव्हा पाय जमिनीला रेटतच नसतात. पाय दुमडलेले असल्यापासून बोटं सुटेपर्यंत अंग जेमतेम 10 सेंटीमीटर पुढे सरकतं, आणि त्याला लागतात 0.064 सेकंद. त्याने भागा, शक्ती येते 3 वॅट. सात पटींचा फरक!

मोबाइलच्या साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं येतात, म्हणजे या रेट्याची जेमतेम दोन. स्लो मोशनमध्ये 240 असतील तर पंधरा मिळतात. अंग हलल्यापासून बोटं सुटेपर्यंतचीच मोजा.

दुसरी चूक जास्त खोल आहे, आणि मला सगळ्यात आवडणारीही. आलेले 3 वॅट म्हणजे स्नायूचीच शक्ती, असं मुलं लिहितात. गुलेल आठवा. रबर आपण सावकाश ताणतो, खडा मात्र क्षणात सुटतो. बेडकाच्या पोटरीचा स्नायू असंच करतो: आधी आकसून कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, ताणतो, मग कंडरा ती साठलेली ऊर्जा एकदम मोकळी करते. अॅस्टली आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी 2012 मध्ये बेडकांच्या उड्यांचं क्ष-किरण चित्रण करून दाखवलं की घोट्याचा सांधा हलण्याआधीच हा स्नायू आखडू लागलेला असतो. म्हणून नुसत्या मांड्या जाड दिसल्या की उडी लांब, असा निष्कर्ष काढू नका.

एका उडीवर तर अजिबात विसंबू नका. कॅलिफोर्नियातल्या कॅलाव्हेरास जत्रेत बेडकांच्या उड्यांची स्पर्धा असते. तिथे संशोधकांना 2.2 मीटरची उडी मोजता आली, तर प्रयोगशाळेत त्याच जातीची नोंद सुमारे 1.3 मीटरवर थांबली होती. थकलेला किंवा गारठलेला बेडूक त्याचा कस दाखवत नाही. डिसेंबरच्या सकाळची उडी पावसाळ्यातल्या उडीशी ताडून पाहू नका. फुटाळा तलावाच्या पाण्यावरून टणटण उड्या मारत जाणारा बेडूकही या मोजणीत नको, कारण तिथे रेटा पाण्याला बसतो.

आणि कृपा करून वजनासाठी बेडूक पकडू नका. वजन लागतच नाही. वेगाच्या वर्गाला रेट्याच्या वेळेच्या दुपटीने भागा, की शरीराच्या दर किलोमागची शक्ती मिळते. वरच्या उदाहरणात सुमारे 76 वॅट. मोबाइल बाजूने स्थिर ठेवा. बेडूक निघून गेला की मोबाइल न हलवता त्याच्या उडीच्या रेषेवर पट्टी ठेवा आणि तिचंही चित्रण करा. अंतर त्यावरून काढा.