इंदूरहून भोपाळला मॅचला निघताना: 10 मीटर एअर रायफलची तयारी

तयारी आठ दिवस आधी सुरू करा, आणि छर्‍यांपासून करा. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. तिथे रायफलच्या किमतीपेक्षा छर्‍याचा आकार जास्त बोलतो. सगळे 4.5 मिलिमीटरचेच म्हणवतात, पण डब्यावर डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा वेगवेगळा असतो. रायफल शिकंज्यात घट्ट बसवा, प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे मारा आणि ज्याचं भोक सर्वांत लहान पडेल ते माप ठरवा. मित्राच्या नळीला जे मानवतं ते तुमच्या नळीला मानवेलच असं नाही. एकदा ठरलं की एकाच बॅच नंबरचे डबे घ्या. बॅच बदलली की चाचणी पुन्हा. मॅचचे 60, सायटिंगचे (मॅचआधी नेम जुळवायचे) वेगळे, फायनल गाठली तर आणखी, म्हणून निवडलेले दीडशे तरी बरोबर हवेत. निवडताना मागचा घेर पाहा. शिसं मऊ, त्यामुळे डबा हिंदकळला तरी घेर चेपतो, त्यातून हवा निसटते आणि छर्रा भरकटतो. चेपलेले सरावाला टाका. शिशाचे हात साबणाने धुतल्याशिवाय पोहे-जलेबीला हात लावू नका.

आता हवा. गडबड होते ती इथेच. रायफलचा हवेचा सिलिंडर सहसा 200 बारचा (बार म्हणजे दाबाचं माप) असतो. त्यावर कोरलेला आकडा पाहा आणि त्याच्या वर जाऊ नका. हळूहळू भरा. घाईने भरला तर हवा तापते, काटा 200 दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो. हवा कोरडी, स्वच्छ, श्वसनाच्या दर्जाची हवी. ऑक्सिजन कधीही नाही: तेल-ग्रीसशी गाठ पडली तर आग लागते. आटे कुरकुरतात म्हणून घरातलं शिलाई मशीनचं तेल सोडणारे आपल्याकडे भेटतात, त्यांना अडवा. हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात ओलावा शोषणारा फिल्टर लावाच. सिलिंडरवरची निर्मितीची तारीखही वाचा. दहा वर्षं उलटली असतील तर तो वापरातून काढा; तपासणीत अडवण्याची वाट पाहू नका.

रात्री काट्याचा आकडा लिहून ठेवा, सकाळी ताडून पाहा. उतरला असेल तर बहुधा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेलेली असते, एक जादा पिशवीत असू द्या. मॅच 100 बारच्या खाली सुरू करू नका. दाब रेग्युलेटरच्या (दर वेळी सारखा दाब सोडणाऱ्या भागाच्या) नेमलेल्या दाबाखाली गेला की छर्‍याचा वेग घटतो, मारा खाली पडू लागतो, आणि माणूस उगाच साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवत बसतो. मे महिन्यात सिलिंडर गाडीच्या डिकीत ठेवू नका. विमानाने जायचं असेल तर तो रिकामा करूनच न्यावा लागतो.

बाकीचं पटकन. रायफल 5.5 किलोच्या आत, जॅकेटचं कापड एकेरी 2.5 मिलिमीटरपर्यंत. जॅकेट ओलं झालं तर सावलीत वाळवा. प्रवासानंतर स्टॉकचे स्क्रू तपासा आणि साइटचं शून्य पुन्हा बसवा, म्हणजे नेम आणि मारा जुळवून घ्या, कारण 190 किलोमीटरचे हादरे साइटला लागतातच. सायटिंगला 15 मिनिटं, मॅचला 75. घड्याळ लावून हे दोन्ही घरी आधीच करून पाहा.

केस बंद करताना बोल्ट उघडा, नळी रिकामी आणि सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आत. दुसरा फ्लॅग जॅकेटच्या खिशात ठेवा, पहिला हमखास हरवतो.