कोल्हापुरीवर काळे डाग पडले तर

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कातड्यातल्या कोलॅजेनला (प्रथिनाच्या धाग्यांना) धरून बसतं, म्हणून ते कुजत नाही. पण हेच टॅनिन लोखंडाला भेटलं की निळसर काळं पडतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून जुनी शाई करायचे, तोच हा प्रकार! म्हणून ओली चप्पल गंजक्या रॅकवर किंवा खिळ्याला अजिबात टांगू नका.

डाग पडलाच तर फडक्याला थोडा लिंबाचा रस लावून हलक्या हातानं पुसा. आधी तळव्याच्या बाजूला करून बघा, रंग थोडा उतरू शकतो. मग ओल्या फडक्यानं आंबटपणा काढा, सावलीत वाळवा आणि तेलाचा हलका हात फिरवा. हेअर ड्रायर मात्र नको, कातडं आकसतं.