‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघा: निर्यातीच्या ऑफिसात नव्याने लागणाऱ्यांसाठी

बीकॉम करून हळदीच्या किंवा बेदाण्याच्या निर्यातदाराकडे लागलेल्या मुलामुलींना टॅली येतं, जीएसटी येतं. घाम फुटतो तो परदेशी गिऱ्हाइकाचा मेल उघडल्यावर. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ अशाच एका ऑफिसात मी पत्रव्यवहार बघतो. शिक्षण सगळं मराठी माध्यमात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, ते आमच्या कामाचं नव्हतं. आमची एबीसीडी पाचवीत.

गंमत अशी की क्युरक्युमिन, मॉइश्चर, फ्युमिगेशन हे जड शब्द आठवडाभरात तोंडात बसतात. माणूस अडतो तो ‘गेट’ (get) या साध्या क्रियापदावर. शब्दकोशात या क्रियापदाखाली पानभर अर्थ असतात. ते पाठ करायच्या फंदात पडू नका. ‘गेट’च्या लगेच पुढे काय आलंय ते बघायचं, अर्थ तिथेच असतो. पुढे वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं: ‘वुई गॉट युअर सॅम्पल’. पुढे विशेषण आलं तर होणं: ‘द बॅग्ज गॉट वेट’, पोती भिजली. पुढे ठिकाण आलं तर पोहोचणं: ‘द ट्रक गॉट टु मुंबई’. मात्र ‘होम’ आणि ‘देअर’ यांच्याआधी ‘टु’ लावायचा नाही.

मराठी माणसाला एक सोय आहे, ती कुठल्या क्लासात सांगत नाहीत. आपल्याकडे जी वाक्यं ‘मला’ने सुरू होतात, त्यातली बरीचशी इंग्रजीत ‘आय गॉट’ने जातात. मला पैसे मिळाले, मला सर्दी झाली, मला राग आला, मला जायला मिळालं: ‘आय गॉट द मनी’, ‘आय गॉट अ कोल्ड’, ‘आय गॉट अँग्री’, ‘आय गॉट टु गो’. समजलं असेल तर ‘आय गॉट इट’. पण सरसकट लावू नका. ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे ‘आय अ‍ॅम हंग्री’. ‘आय अ‍ॅम गेटिंग हंग्री’ म्हटलं तर भूक आत्ता लागायला लागली आहे. आहे त्या स्थितीला ‘बी’, स्थिती बदलत असेल तर ‘गेट’. ‘ही इज मॅरीड’ म्हणजे लग्न झालेला आहे, ‘ही गॉट मॅरीड’ म्हणजे लग्न झालं. आणि कुणाशी हे सांगताना ‘टु’ येतो, ‘विथ’ नाही.

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते ‘करून घेण्या’च्या रचनेत. गिऱ्हाईक विचारतो, ‘हॅव यू गॉट इट टेस्टेड?’ त्याला बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट हवा असतो. आपण ‘वुई टेस्टेड इट’ लिहिलं की त्याला वाटतं, यांनी घरच्या घरी बघितलं. ‘वुई गॉट इट टेस्टेड’ म्हणा. तपासली आणि तपासून घेतली यातला फरक आपल्याला लहानपणापासून येतो, फक्त तो इंग्रजीत उतरवायचा राहतो. क्रम मात्र पक्का ठेवा: ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. माणसाकडून करून घ्यायचं असेल तर मध्ये ‘टु’ लागतो: ‘गेट द ड्रायव्हर टु कॉल मी’. हेच ‘मेक’ किंवा ‘हॅव’ने सांगितलं तर ‘टु’ जातो.

साल सांगताना ‘हॅज’ सोडून द्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे पहिल्या मेलमध्ये आम्ही आवर्जून घालतो: ‘सांगली टर्मरिक गॉट द जीआय टॅग इन २०१८’. ‘हॅज गॉट’ आणि पुढे साल, हे जमत नाही. अमेरिकेतून ‘गॉटन’ आलं तर ते चुकीचं समजू नका, तिथे तिसरं रूप तसंच चालतं. ‘प्राइसेस हॅव गॉटन हाय’ म्हणजे भाव चढलेत. पण ‘आय हॅव गॉट टू कंटेनर्स’ म्हणजे माझ्याकडे दोन कंटेनर आहेत. इथे मिळण्याचा संबंध नाही.

‘आय विल गेट बॅक टु यू’ याचा अर्थ ‘मग कळवतो’. आपल्याकडच्या ‘मग कळवतो’चं जे होतं, तेच याचंही बऱ्याचदा होतं. दोन दिवसांनी आपणच आठवण करावी.

पाहुणा आला की बस आणि गाडीचं इंग्रजी निघतं. बस, रेल्वे, मोटरसायकल यांना ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’. कार आणि रिक्षाला ‘गेट इन’, ‘गेट आउट’. सांगलीतल्या विश्रामबागला उतरायचं म्हणून आपण ‘गेट डाउन’ म्हणतो. ते भारतात सगळ्यांना कळतं, लंडनवाला क्षणभर थबकतो. त्याला सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची जुनी पेवं दाखवायला नेलं आणि आत उतरायची वेळ आली, तर मात्र ‘गेट डाउन’ खुशाल म्हणा.

‘गेट’ गावठी आहे, चांगल्या इंग्रजीत वापरू नये, असं काही शिक्षक सांगतात. मला ते अर्धंच पटतं. नवीन गिऱ्हाइकाला पहिलं पत्र, बँकेचं पत्र, इन्शुरन्सचा दावा, इथे ‘रिसीव्ह’ आणि ‘ऑब्टेन’च लिहा. चार कंटेनर घेऊन झालेल्या माणसाला ‘वुई हॅव ऑब्टेन्ड युअर पेमेंट’ लिहिलंत तर तो हसेल. त्याला ‘गॉट युअर पेमेंट, थँक्स’ पुरतं.