गुलाबाच्या पानांची सुरळी झालीय? फवारणीआधी ती उलगडून बघा

वसंतात गुलाबाच्या नव्या फुटीवर काही पर्णिका दोन्ही कडांनी खाली वळून नळीसारख्या गोल झालेल्या दिसल्या की हात आधी पंपाकडे जातो. जरा थांबा. एक सुरळी नखाने हलकेच उलगडा. आत रेशमी धागे असतील तर ते पतंगाच्या अळीचं काम. धागा कुठेच नसेल आणि सोडल्याबरोबर पान पुन्हा वळत असेल, तर ही गुलाबाची पान गुंडाळणारी करवत माशी समजा.

शास्त्रीय नाव ब्लेनोकॅम्पा फायलोकोल्पा. जुन्या पुस्तकांत हिचं वर्णन ब्लेनोकॅम्पा पुसिला या नावाने सापडेल. आजचं नाव विटासारी आणि विकबर्ग यांनी 1985 मध्ये दिलं. फायलोकोल्पा नावाचा करवत माश्यांचा एक वेगळा गटही (जीनस) आहे, तो विलो आणि पॉप्लरची पानं दुमडतो. शोध घेताना या दोन नावांची गल्लत होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

नावात माशी असली तरी हिला पंख चार असतात आणि नातं मधमाशी-गांधीलमाशीशी. फरक कमरेत: गांधीलमाशीसारखी बारीक कंबर हिला नसते. मादीच्या अंडी घालण्याच्या अवयवाला करवतीसारखे दात असतात, त्यावरून हे नाव पडलं. युरोपात एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत हे 3 ते 4 मिलिमीटरचे काळे कीटक गुलाबाभोवती घिरट्या घालतात. मादी पर्णिकेच्या कडेला चीर पाडून अंडं घालते आणि त्याच वेळी पानात असं काही रसायन सोडते की पान आपोआप वळू लागतं. म्हणजे अळी जन्मण्याआधीच तिचं घर तयार!

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मादी कित्येक पानं फक्त चाचपून सोडून देते. तिथे अंडं नसतं, तरी पान वळतंच. त्यामुळे वेलीवर शंभर सुरळ्या मोजून घाबरू नका. दहा-बारा उघडून बघा, बऱ्याच रिकाम्या निघतील.

भरलेल्या सुरळीत फिकट हिरवी अळी असते, वाढ पूर्ण झाल्यावर साधारण 1 सेंटिमीटरची. भिंग असेल तर तिच्या पोटाखालचे आखूड, मऊ पाय मोजा. पतंगाच्या अळीला अशा जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, करवत माशीच्या अळीला सहा किंवा त्याहून जास्त. हे मोजणं फुकट जात नाही: पतंगाच्या अळ्यांसाठी वापरतात ते बीटी कुर्स्टाकी जिवाणूचं औषध हिच्यावर चालत नाही. पैसे जातात, अळी तशीच राहते. स्पर्शजन्य, म्हणजे अंगाला लागल्यावरच मारणारं, औषधही गुंडाळलेल्या पानाच्या आत नीट पोहोचत नाही. आणि फुलं उमललेल्या झाडावर तर फवारूच नका, मधमाश्या मरतील.

मग करायचं काय? सुरळ्या थोड्या असतील तर मेमध्येच तोडून नष्ट करा, अळी जमिनीत उतरण्यापूर्वी. झाड सुरळ्यांनी भरलं असेल तर मात्र तोडू नका. वळलेलं पानही झाडासाठी अन्न तयार करतं. सगळी ओरबाडलीत तर किडीने केलं नसतं एवढं नुकसान तुमच्याच हातून होईल. या किडीने झाड सहसा मरत नाही, दिसायला वाईट दिसतं एवढंच.

वर्षाला पिढी एकच. युरोपातल्या उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत अळ्या खाली उतरतात, मातीत कोष विणतात, त्यातच हिवाळा काढतात आणि वसंतात माशी होऊन बाहेर येतात. म्हणून हिवाळ्यात बुंध्याभोवतीची वरची माती मुळांना धक्का न लावता हलकी उकरून ठेवा. उघडे पडलेले कोष पक्षी टिपतात, काही थंडीने मरतात.