"सपोर्ट बंद झालाय" ऐकून कन्सोल फॉरमॅट करू नका: जुन्या डिजिटल गेमबाबत या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून मावसभावाचा फोन आला. "दादा, गेम सगळं गेलं की रे. दुकानवाला म्हणतोय सपोर्ट बंद झालाय, आता काय होत नाही." मी विचारलं, तू काय केलास? पलीकडे थोडा वेळ नुसता पत्र्यावरचा पाऊस. मग हळूच, "मी फॉरमॅट मारून सोडलो की."

दुसऱ्या दिवशी तो पीएस३ (सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेमचा कन्सोल) रेनकोटात गुंडाळून बसने बेळगावला आला. टिळकवाडीत आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तो उघडला. रात्रीपर्यंत कळलं ते असं, की सपोर्टचा यात काही संबंधच नव्हता. बिघाड तीन होते, तिन्ही घरचेच. त्याच्यासारख्या चुका आमच्याकडे नेहमी होतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

"बंद झालं" म्हणजे नक्की काय बंद झालं?

कंपनीकडे तीन वेगवेगळी शटरं असतात आणि ती एका दिवशी पडत नाहीत. एक, नवीन विक्री. दोन, आधी घेतलेला गेम परत डाउनलोड करणं. तीन, ऑनलाइन खेळण्याचे सर्व्हर. लोक पहिल्याची बातमी वाचतात आणि तिन्ही गेली समजून कन्सोल भंगारवाल्याला देऊन टाकतात.

निन्टेंडोचं उदाहरण घ्या. थ्रीडीएस आणि वी यू या तिच्या कन्सोलच्या ई-शॉपमधली, म्हणजे ऑनलाइन दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ला थांबली. ऑनलाइन खेळणं त्यानंतर वर्षभराने, एप्रिल २०२४मध्ये बंद झालं. पण आधी घेतलेले गेम परत उतरवण्याची सोय कंपनीने त्या दिवशी काढून घेतली नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ला बंद झालं, तिथेही तसंच: नवीन घेता येत नाही, घेतलेलं डाउनलोड हिस्टरीतून उतरवता येतं. शिवाय ३६०चे बरेच गेम त्याच अकाउंटने नव्या एक्सबॉक्सवर चालतात. सोनीने तर मार्च २०२१मध्ये पीएस३ आणि हातात धरून खेळायच्या पीएसपी, व्हिटा यांची ऑनलाइन दुकानं बंद करतो म्हणून जाहीर केलं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर एप्रिलमध्ये पीएस३ आणि व्हिटापुरता तो निर्णय मागे घेतला. आमच्याकडच्या दुकानदारांनी पहिली बातमी ऐकली, दुसरी ऐकलीच नाही.

मात्र "परत डाउनलोड करता येईल" याला कंपनीने शेवटची तारीख दिलेली नसते, म्हणजे कायमचं वचनही दिलेलं नसतं. विकत घेतला म्हणतो तो गेम खरं तर वापरायचा परवाना असतो. शेत तुम्ही कसताय, पण उतारा दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार. कॅलिफोर्नियात २०२५च्या सुरुवातीपासून लागू झालेल्या कायद्याने विक्रेत्यांना हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे ते अटींच्या पानावर असतं, आणि ते पान कुणी वाचत नाही. मीही नाही.

घड्याळाची बॅटरी

भावाचा पीएस३ दर वेळी चालू केला की तारीख विचारायचा. तो कंटाळून काहीतरी दाबून पुढे जायचा. मग डिस्कचा गेम चालायचा आणि डाउनलोड केलेला उघडायचा नाही. "परवानाच रद्द केलाय" असा त्याचा निष्कर्ष.

आत मदरबोर्डजवळ काळ्या आवरणात गुंडाळलेलं, छोट्या वायरीला जोडलेलं एक बटण-सेल असतं, सीआर२०३२. घड्याळ, वजनकाटा, गाडीच्या रिमोटमध्ये असतं तेच. मीटर लावला तर तीन व्होल्टच्या जागी एकसुद्धा दाखवेना. करंट गेला किंवा प्लग काढला की हे सेल तारीख सांभाळतं. ते मेलं की कन्सोलचं घड्याळ मागे जातं, आणि आजची तारीख काय हेच पटत नसलं की पीएस३ डिजिटल गेमचा परवाना मान्य करत नाही. पावसाळ्यात आमच्या भागात लाईट जाते-येते, तेव्हा हा रोग जास्त उघडा पडतो.

उपाय साधा आहे. सेल बदला (वायर-कनेक्टरसकट मिळतं, नुसतं सेल आणून घरी डाग देऊ नका), मग सेटिंगमधून तारीख इंटरनेटवरून लावा आणि एकदा साइन-इन करा. हाताने टाकलेली तारीख बरोबर असली तरी तिच्यावर विसंबू नका. इतकं होईपर्यंत फॉरमॅटचं नावही काढू नका.

नवा राउटर, जुना कन्सोल

आता इंटरनेटवरून तारीख लावायची तर इंटरनेट हवं, आणि दुसरा बिघाड तिथे होता. त्यांच्या घरी फायबर आलं, नवा राउटर लागला, आणि त्या आठवड्यापासून कन्सोल "ऑफलाइन". पीएस३ आणि थ्रीडीएसला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय समजतं. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल, किंवा सुरक्षा डब्ल्यूपीए३वर ठेवलेली असेल, तर यांना नेटवर्क दिसत नाही किंवा जोडलं जात नाही. राउटरमध्ये २.४ वेगळं नाव देऊन चालू करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. पीएस३ असेल तर सरळ लॅनची वायर लावा. पहिल्या एक्सबॉक्स ३६०मध्ये तर वायफाय नव्हतंच, त्याला वायर किंवा वेगळा वायफाय अडॅप्टर लागतो.

आयडी कुणाच्या नावावर?

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आमच्याकडे जुने कन्सोल बरेचदा आखाती देशांतून आलेले. भावाचा त्याच्या काकांनी दुबईहून आणलेला, आयडीही तिथेच काढलेला, आणि तोही ऑफिसच्या ईमेलवर. काका नोकरी सोडून गावी आले तसा तो ईमेल बंद. आता पासवर्ड विसरलो म्हटलं की नवा पासवर्ड त्या मेलेल्या ईमेलवर जाणार. काही घरांत तर आयडी दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर काढून दिलेला असतो, म्हणजे गेम कागदोपत्री त्याचेच.

खरेदी चिकटते ती अकाउंटला. म्हणून आजच साइन-इन होतंय तोवर ईमेल बदलून स्वतःचा टाका. जमत नसेल तर कस्टमर केअरला लिहा आणि कन्सोलचा सीरियल नंबर, जुन्या खरेदीच्या पावत्या हाताशी ठेवा. मात्र प्लेस्टेशन अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही. युएईच्या अकाउंटवर भारतातला रुपयांचा कोड चालत नाही. दुसऱ्या देशाचं नवं अकाउंट काढून जुने गेम त्यात ओढता येत नाहीत. पीएस३चा डीएलसी (गेमला जोडायचा, वेगळा डाउनलोड केलेला जादा भाग) असेल तर तो डिस्कच्या रिजनशीही जुळावा लागतो.

अजून एक अडचण: अकाउंटला टू-स्टेप सुरक्षा लावलेली असेल तर पीएस३वर नेहमीचा पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा म्हणतो. वेबसाइटवर अकाउंटच्या सुरक्षेत जाऊन "डिव्हाइस सेटअप पासवर्ड" काढायचा आणि तो कन्सोलवर टाकायचा. हे माहीत नसल्यामुळे अर्धे लोक पासवर्ड बदलत बसतात.

निन्टेंडोचं गणित आणखी कडक. वी या जुन्या कन्सोलवरची खरेदी त्या यंत्रालाच बांधलेली, म्हणून यंत्र विकलं की गेमही गेले. थ्रीडीएस विकण्याआधी किंवा बदलण्याआधी दोन्ही यंत्रं हातात असताना सिस्टीम ट्रान्सफर करा, म्हणजे एका यंत्रातलं सगळं दुसऱ्यात हलवा. मदरबोर्ड बदलायचा म्हणाला कुणी, तर त्याने माझे गेम राहतील का, हे आधी विचारा.

फॉरमॅट, कॉपी, जागा

पीएस३ला बाहेरची हार्ड डिस्क लावताना ती फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेलीच हवी. एनटीएफएसवाली त्याला दिसतच नाही, आणि लोक डिस्क खराब समजून दुसरी घेऊन येतात. सेव्ह (खेळ कुठपर्यंत आला त्याची नोंद) आधी यूएसबीवर घ्या, काही गेम सेव्ह कॉपी करू देत नाहीत तेही बघून ठेवा. पूर्ण बॅकअप घेतला तरी तो दुसऱ्या कन्सोलवर टाकला की परवाना असलेले गेम येत नाहीत. एका अकाउंटचे पीएस३ गेम दोनच कन्सोलवर चालू करता येतात, म्हणून जुना विकण्याआधी डीॲक्टिव्हेट करा, म्हणजे अकाउंटशी त्याची जोडणी तोडा.

डाउनलोड करताना जागा मोकळी ठेवा. पीएस३ आधी फाइल उतरवतो, मग बसवतो, म्हणजे १५ जीबीच्या गेमला काही वेळ जवळजवळ ३० जीबी लागतात. मध्येच थांबलं तर बहुतेक वेळा कारण हेच.

वॉलेटमध्ये पैसे पडून असतील तर खर्च करून टाका. पीएस३च्या दुकानात ऑक्टोबर २०२१पासून थेट कार्ड चालत नाही, पैसे आधी वेबवरून वॉलेटमध्ये भरावे लागतात.

आणि "मी डिस्कवाला आहे, मला काय त्याचं?" म्हणणाऱ्यांसाठी: २०१४ची "द क्रू" ही रेसिंग गेम सतत सर्व्हरला जोडलेली असायची. सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले, डिस्कवाल्यांचीही गाडी तिथेच उभी राहिली. त्यावरूनच युरोपात "स्टॉप किलिंग गेम्स" ही मोहीम उभी राहिली. तेव्हा डिस्क घेतानासुद्धा पाकिटावर इंटरनेट आवश्यक आहे का ते बघा.

भावाकडे परत येतो. ऑफिसचा ईमेल मेलेला, पासवर्ड कुणाला आठवेना. मावशीला फोन लावला, कन्सोलचं खोकं आहे का म्हणून. माळ्यावर होतं, त्यात कांदे भरलेले. आतल्या झाकणावर काकांच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलेला आयडी आणि पासवर्ड, शेवटचं अक्षर ओलीने पसरलेलं. तीन प्रयत्नांत लागला. डाउनलोड लिस्ट उघडली तर अकराच्या अकरा गेम जागेवर. सेव्ह मात्र एकही नव्हता, तो फॉरमॅटमध्ये गेला. रात्री साडेअकराला पहिला गेम बसला आणि त्याने पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली. मधल्या वेळात मी त्याच्याकडून अकाउंटचा ईमेल बदलून घेतला.